बारा नावं वाचणारे अप्पा पंच

रेडिओवर बोलायच्या ऐवजी हातवारे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अप्पाराव हिवराळे त्यांचं नाव. कबड्डीचे पंच. वय सदुसष्ट, अंगानं काटक, मिशी पांढरी आणि शर्टाच्या खिशात कायम एक शिट्टी.

आमच्या रेडिओवर त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम होता. चिकलठाण्याहून एका मुलाचा फोन आला. चढाईवाला पकडला गेला, पण पडता पडता त्याचं बोट मध्यरेषेला लागलं, तर गुण कुणाला? अप्पा खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले, उजवा हात उंच करून त्यांनी डावीकडे बोट दाखवलं आणि खाली बसले. काचेच्या अलीकडे आवाजाच्या मिक्सरवर मी होते. एक सेकंद गेला, पाच गेले, दहा गेले. "हॅलो? हॅलो?" तो मुलगा ओरडायला लागला. अप्पा पुन्हा उठले आणि त्यांनी तोच हात, या वेळी जरा दरडावून, पुन्हा उंच केला.

कार्यक्रम संपल्यावर मी तणतणत आत गेले.

"अप्पा, निकाल का दिला नाही?"

"दिला की मॅडम. दोनदा दिला."

"त्याला दिसला का?"

अप्पांनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे ध्यानातच आलं नाय बगा. मैदानात समद्यांना दिसतो."

मी विशाखा साळवे. पुंडलिकनगरात एका व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत 'रेडिओ मैदान' चालतं, त्याची मी व्यवस्थापक. तंत्रज्ञही मीच, आणि सकाळी खोली झाडते तीही मीच. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवसभर फक्त खेळांवर गप्पा मारणारं हे केंद्र एका क्रीडा मंडळानं हौसेनं काढलं. हवा चांगली असली तर आमचा आवाज शेंद्र्यापर्यंत जातो, नसली तर चिकलठाण्याच्या विमानतळाशीच दम तोडतो. हौस दीड वर्षात फिटली. जाहिराती येईनात, आणि मंडळाच्या बैठकीत 'रेडिओ' हा शब्द निघाला की लोक चहाकडे बघायला लागले.

अप्पांना मी आणलं ते नाइलाजानं. दुपारी तीनचा कार्यक्रम करणारा निवेदक पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेला होता. अप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं प्रेस मशीनवर होते, आणि ती बत्तीस वर्षं प्रत्येक रविवार त्यांनी कबड्डीच्या मैदानावर काढला. निवृत्त झाल्यावर ते घरी बसले आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. त्यांच्या पत्नी, पारूबाई, स्वतः मला भेटायला आल्या. म्हणाल्या, "बाई, ह्यान्ला कुठंतरी गुंतवा. नातवंडं भांडली की शिट्टी वाजवतेत. परवा मला भाजीवाल्यासंगं घासाघीस करताना ताकीद दिली."

अप्पांच्या पंचगिरीच्या सवयी काही सुटणाऱ्या नव्हत्या. सामन्याआधी कुठल्याही संघाचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. तो त्यांनी आमच्याकडेही लावला. कार्यक्रम होईपर्यंत माझ्या चहाला हात लावायचे नाहीत, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. "अहो, इथं कुठला संघ आहे?" मी विचारायची. "सांगता येत नाय," ते म्हणायचे.

आणि दुसरी सवय यादीची. अप्पांचा कार्यक्रम साधा होता. शहरातल्या आणि आसपासच्या शाळांचे, गावोगावच्या मुलामुलींच्या संघांचे आदल्या दिवशीचे सामने ते गुणपत्रक समोर ठेवून रंगवून सांगायचे. शेवटी फोनवर लोकांचे वाद सोडवायचे. पण सामन्याला हात घालण्याआधी दोन्ही संघांची पूर्ण यादी वाचायचे. मैदानात उतरणारे सात आणि बाहेर बसणारे राखीव पाच, अशी बारा-बारा नावं. हल्ली शाळांच्या याद्या आईच्या नावासकट येतात, आणि कागदावरचं अक्षर गाळणं अप्पांच्या रक्तात नाही. "क्रमांक नऊ, करुणा कडूबाई साहेबराव तुपे. क्रमांक दहा..." अशी चोवीस नावं. चार मिनिटं जायची. मी काचेतून हातानं 'आटपा' अशी खूण करायची. तेवढी एक खूण मात्र त्यांना कधीच दिसायची नाही.

डिसेंबरात मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब औताडे यांचे जावई आले. काकासाहेब जुने पैलवान, कान चुरगळलेले, बोलणं कमी आणि ठाम. मार्चअखेर रेडिओ स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर सगळा वेळ भक्तिगीतं आणि बाजारभावांना द्यायचा, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. जावईबापू शिवराज पुण्यात साबणाच्या कंपनीत मार्केटिंगला होते. जावयाला नाही म्हणायची कुणाची बिशाद! त्यांनी लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर एका तरुणाचं चित्र टाकलं.

"हा तुमचा टार्गेट ऑडियन्स," शिवराज म्हणाले. "याला आपण सार्थक म्हणू. वय चोवीस. कंपनीत नोकरी, स्वतःची बाइक, परदेशी फुटबॉलचा नाद. तुम्ही फक्त सार्थकसाठी बोलायचं."

पुढचे दोन महिने आम्ही सार्थकसाठी जगलो. प्रणय नावाचा आमचा तरुण निवेदक रोज संध्याकाळी तासभर युरोपातल्या फुटबॉलवर बोलायचा, आणि छान बोलायचा. त्या दोन महिन्यांत त्याला बाहेरून एकच फोन आला. तो पार्सलवाल्याचा होता, त्याला आमचा जिना सापडत नव्हता. सार्थक कुठं राहतो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तो त्याच्या मोबाइलवर सामना बघत असावा, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

शिवराजनी अप्पांची यादीही ऐकली होती. "मॅडम, हे चार मिनिटांचं काय आहे? सार्थक दुसऱ्या नावालाच स्टेशन बदलेल. कापा हे."

मलाही ते पटलं. सगळा दोष जावयाच्या माथी मारणं सोपं आहे, पण कापलं मीच. मी अप्पांना सांगितलं, यापुढे फक्त सात नावं वाचायची, तीही नुसती नाव-आडनाव.

"सातच?" अप्पा म्हणाले. "नियमानं बारा असतात मॅडम. मग पाच पोरं गेली कुठं म्हणायचं?"

"ती बाहेर बसलेली असतात अप्पा. ती खेळतच नाहीत."

"बसलेली असतात म्हणजे असतात ना?"

"अप्पा, मी सांगते तसं करा."

 मुख्य पंचानं सांगितलं की बाकीच्यांनी ऐकायचं, हाही त्यांचा नियमच. सोमवारपासून ते सात नावं वाचू लागले. आवाज उतरलेला होता, पण चार मिनिटं वाचली म्हणून मी खूश होते.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. कार्यक्रम चालू असल्यामुळे मी बाहेरच घेतला. समोरून एक बाई तापलेल्या आवाजात बोलत होत्या.

"मी शेंद्र्याहून कडूबाई तुपे बोलतेय. आमच्या करुणाला संघातून काहून काढलं?"

"आम्ही कुठं काढलं? आम्ही रेडिओवाले आहोत."

"रेडिओवालेच पायजेत मला. चार दिवस झालं, नाव घेईनात तुमी तिचं. आदी घेत व्हते, नऊ नंबर. पोरगी म्हणती, मी रोज सरावाला जाते. आता हिचं नावच नाय, तर ही जाते कुठं रोज संध्याकाळची? मी बसवलीय तिला घरी. दोन दिवस झालं, रडायलीय."

मी समजावून सांगायला गेले, तर त्यांनी फोन आपटला. अर्ध्या तासात आणखी दोन फोन आले. एका आईनं तर शाळेत जाऊन खेळाच्या सरांशी कचाकचा भांडण केलं होतं. अप्पांनी ज्यांची नावं वाचणं बंद केलं, ती मुलं संघातून काढून टाकली गेली, असा सरळ अर्थ घराघरांत लागला होता. अप्पा पंचांनी नाव घेतलं नाही म्हणजे मूल संघात नाही, इतका त्या घरांचा या माणसावर भरवसा होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

अप्पा बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते 'बघा, मी म्हणत नव्हतो?' म्हणणार. पण ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलत व्हती आन खोटी ठरली. चूक पंचाची हाय. चला."

"कुठं?"

"शेंद्र्याला. यादी दाखवून येऊ."

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून जालना रस्त्यानं मी शेंद्र्याला गेले. अप्पा ताशी तीसच्या वर गाडी नेत नाहीत आणि वळताना हात इतका लांब काढतात की मागचा ट्रकवालाही थांबतो. कडूबाई घरी नव्हत्या, भामाबाईंच्या कांडपावर होत्या. कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. गावातलं ते पत्र्याचं शेड. आत सात-आठ बायका मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या, सगळीकडं लाल धूळ. मी दारातच चार वेळा शिंकले. भिंतीला फळी, फळीवर जुना रेडिओ, आणि त्याची तार ओढून शटरला बांधलेली.

अप्पांनी गुणपत्रक कडूबाईंच्या पुढं धरलं. "हे बगा, नऊ नंबर. करुणा कडूबाई साहेबराव तुपे. संघात व्हती, हाय. मी वाचलं नाय. माफी असावी."

कडूबाईंनी हात पदराला पुसले, कागद घेतला आणि आपलं नाव जिथं होतं तिथं बोट ठेवून बघत राहिल्या. मग एकदम त्यांचे डोळे भरले. "उगाच बोलले मी लेकराला," त्या म्हणाल्या. "लई बोलले."

तेवढ्यात बाकीच्या बायकांनी अप्पांना ओळखलं. आवाजावरून ओळखलं. "आगं, हे तेच! नाववाले!" मग चहा आला. अप्पांनी बाटलीकडे हात नेला, पण मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी निमूट कप घेतला. कळलं ते असं, की रोज तीन वाजता त्या शेडमधलं यंत्र चार मिनिटं बंद असतं. कुणाची लेक, कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी. आपलं नाव रेडिओवर आलं की ती बाई सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटायची. "माझं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठंच आलं नव्हतं बाई," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

अप्पांनी शुक्रवारच्या कार्यक्रमात स्वतःविरुद्ध निकाल दिला. "चार दिवस यादी अर्धी वाचली. पंचाची चूक. राहिलेली नावं आता वाचतो," असं म्हणून त्यांनी चार दिवसांचे सगळे राखीव खेळाडू वाचून काढले. चाळीस नावं, आयांसकट. साडेसहा मिनिटं लागली. मी आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसले होते, पण तो फिरवला नाही. नंतर मी जिन्यात जाऊन रडले. राग आला होता, माझा मलाच.

पुढच्या दोन महिन्यांत मी श्रोते शोधायला खऱ्या अर्थानं बाहेर पडले. सार्थकला विचारायचं सोडून दिलं. गिरण्या, शिलाईच्या खोल्या, डबे करणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या ताई. पुंडलिकनगरापासून शेंद्र्यापर्यंत एक वही भरली. एक गणवेशाचा दुकानदार ती वही चाळून म्हणाला, "ह्या सगळ्या आयाच आहेत की. मग मी जाहिरात देतो." आमच्या रेडिओच्या इतिहासातली ती पहिली जाहिरात, जी कुणाच्या ओळखीनं आलेली नव्हती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी मंडळाची बैठक झाली. व्यायामशाळेत सतरंजीवर सगळे बसले होते. शिवराज मुद्दाम पुण्याहून आले होते. मी वही मांडली. शिवराज भला माणूस, त्यांनी ती मन लावून वाचली आणि लॅपटॉपवर सार्थकचं चित्र पुसलं. "मग टार्गेट ऑडियन्सच्या रकान्यात काय लिहू?" त्यांनी विचारलं.

अप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "लिहा, राखीव खेळाडूंच्या आया."

सगळे हसले. काकासाहेब हसले नाहीत. ते अप्पांकडे वळले. "अप्पाराव, तुम्ही खोटं बोलत नाय म्हणून तुमाला इचारतो. हे खेळाचं स्टेशन हाय. ह्या बाया खेळ ऐकतेत का?"

मी अप्पांकडे डोळे वटारून बघितलं. 'हो म्हणा' एवढं सांगायला यापेक्षा मोठे डोळे माझ्याकडे नव्हते.

"नाय," अप्पा म्हणाले. "नावं झाली की रेडिओ बंद करून यंत्र चालू करतेत. भामाबाईंनी मला तोंडावर सांगितलं."

त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. दोन महिन्यांची वही एका शब्दात पाण्यात गेली होती. काकासाहेबांनी मान डोलावली. "मग भक्तिगीतं काय वाईट? ती तरी पूर्ण ऐकतील."

शिवराज मध्ये पडले. "नावं शेवटी वाचा ना! म्हणजे अर्धा तास ऐकावंच लागेल. जाहिरातही ऐकतील."

मी लगेच हो म्हटलं. अप्पांनी मान हलवली. "यादी सामन्याआदी वाचतेत. नंतर वाचली तर ती यादी कसली?"

"अप्पा, स्टेशन बंद पडतंय आणि तुम्ही नियम काय सांगताय!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

अप्पा विचार करत होते. मग म्हणाले, "एक मात्र हाय. सामना संपला की गुणपत्रक परत वाचतेत आन मग सह्या घेतेत. कोण बदली उतरलं, कुणी किती गुण केले, समदं. ते मी आजवर वाचत नव्हतो. आदी वाचलं की पोरगी संघात हाय, हे कळतंय. उतरली का नाय, हे शेवटी कळंल. नियमात बसतंय."

काकासाहेबांनी चुरगळलेला कान चोळला. "बरं. जूनअखेरपर्यंत करा. तवर मला एक बाई दाखवा, जी नाव सोडून खेळ ऐकते. एकच. जास्त मागत नाय. नायतर एक जुलैपासून भक्तिगीतं, आन खोली भजनी मंडळाला."

एप्रिलपासून अप्पा दोन्ही टोकांना नावं वाचू लागले आणि मधला वेळ सामन्याला द्यायला लागले. शेडमधलं यंत्र आता अर्धा तास बंद राहायला लागलं, असं भामाबाईंनी कळवलं. पण मधल्या वेळात त्या बायका गप्पा मारायच्या, हेही त्यांनीच कळवलं. अप्पांनी हार मानली नाही. उन्हाळी स्पर्धा सुरू झाल्या होत्या, सामन्यांना तोटा नव्हता. ते रोज एक नियम घोळवून सांगायचे. "समोर सहा किंवा जास्त खेळाडू असले तरच बोनस. सहा! पाच असले तर रेषा वलांडून तिकडं नाचलात तरी बोनस नाय." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की व्यायामशाळेतली मुलंही दंड काढताना 'सहा! सहा!' म्हणायला लागली.

फोन यायचे, भरपूर यायचे. प्रत्येकीचा प्रश्न एकच. "आमची उतरली का?" खेळाबद्दल एकीनंही अवाक्षर काढलं नाही. मे संपला. जूनचा पंधरवडा गेला. माझा धीर सुटला.

"अप्पा, मी भामाबाईंना फोन करते," मी एक दिवस म्हणाले. "त्यांना एक प्रश्न सांगून ठेवू. कबड्डीचा. काकासाहेब ऐकत असतील तेव्हा त्यांनी तो विचारायचा. बस."

अप्पांचा चेहरा मी इतका रागावलेला कधी पाहिला नव्हता. "ही नुरा कुस्ती झाली मॅडम. निकाल आदीच ठरवून मैदानात उतरायचं? मग मी घरी बसतो."

"बसा! एक जुलैला बसायचंच आहे घरी!"

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते पाणी प्यायचे, मी चहा प्यायची. तिसऱ्या दिवशी पारूबाईंनी डब्यातून धपाटे पाठवले, दोघांसाठी, आणि सोबत निरोप: 'बाई, ह्यो माणूस घरी नकोय मला, भांडण मिटवा.' आम्ही धपाटे खाल्ले. पण भामाबाईंना फोन मी केला नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात काकासाहेब दुपारी केंद्रावर आले. भजनी मंडळाला पेटी-तबल्यासाठी जागा पुरेल का, हे बघायला ते मोजायची टेप घेऊन आले होते. कार्यक्रम सुरू होता म्हणून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आत अप्पा आदल्या दिवशीचा मुलींचा अंतिम सामना सांगत होते. शेंद्र्याचा संघ विरुद्ध चिकलठाण्याचा संघ. करुणा तुपे उत्तरार्धात बदली म्हणून उतरली होती. ते नाव घेताना अप्पांचा आवाज आपोआप वर गेला. सामना अटीतटीचा झाला होता आणि शेंद्रा एका गुणानं हरला होता.

"शेवटच्या मिनिटाला करुणा चढाईला गेली," अप्पा सांगत होते. "बोनसची रेषा वलांडली, पर पंचांनी गुण दिला नाय. बरोबरच हाय. समोर पाचच जणी व्हत्या." मग त्यांनी गुणपत्रक वाचलं, बाराच्या बारा नावं, आणि फोन घ्यायला सुरुवात केली.

पहिलाच फोन शेंद्र्याचा. मी जोडून दिला.

"अप्पा, मी कडूबाई तुपे."

"बोला बाई. उतरली बरं का तुमची करुणा."

"उतरली ते मला ठावं हाय. दुसरं बोलायचंय. तुमी चुकलात."

अप्पा थबकले. "म्हंजी?"

"समोर पाच नव्हत्या. सहा व्हत्या. तुमीच सांगितलं, त्यांच्या दोघी बाद झाल्या. सातातून दोन गेल्या, पाच ऱ्हायल्या. मग त्यांची पोरगी चढाईला आली आन आमची एक बाद करून गेली. तवा त्यांची एक उठून परत मैदानात आली ना? पाच आन एक किती?"

मागून सात-आठ बायकांचा एकत्र आवाज आला, "सहा!"

अप्पांनी गुणपत्रक जवळ ओढलं. रेडिओवर कागदांची फक्त सळसळ ऐकू येत होती. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. माझ्या शेजारी काकासाहेब टेप हातात धरून पुढं वाकले होते.

"सहा," अप्पा म्हणाले. "सहा व्हत्या. बोनस व्हता. पंच चुकला, आन मीबी चुकलो. निकाल आता बदलत नाय, सह्या झाल्यात. पर गुण तुमच्या पोरीचा व्हता."

मला वाटलं, बाई आता आभार मानतील. त्या कसल्या मानतायत!

"चुकलो म्हणून भागतंय व्हय? एका गुणानं हरलो आमी! बोनस दिला असता तर बरोबरी व्हती, मग आजून पाच-पाच चढाया मिळाल्या असत्या. आन काय वो, तो पंच डोळे घरी ठेवून आला व्हता का? रोज आमाला सहा-सहा सांगता, आन सवताला मोजता येईनात व्हय?"

त्या पूर्ण दोन मिनिटं बोलल्या. मागून भामाबाई मुद्दे पुरवत होत्या. अप्पा हात जोडून, डोळे मिटून ऐकत होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून त्यांच्या पांढऱ्या मिशीवर पाणी ओघळत होतं. बत्तीस वर्षं मैदानाच्या कडेनं लोकांचं हे असलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि निवृत्तीनंतर त्याच्याशिवाय ते वाळून चालले होते, हे मला तेव्हा कळलं. काकासाहेब इतके हसत होते की त्यांची खुर्ची कुरकुरत होती. त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

"विशाखाताई," ते म्हणाले, "भजनी मंडळाला दुसरी खोली बगायला सांगा."

आत कडूबाईंचा आवाज अजून चालूच होता. "आता ठेवते, मिरची पडलीय कुटायची. पर माझं बोलणं संपलेलं नाय. उद्या परत फोन करते."

"करा," अप्पा म्हणाले. शर्टाच्या बाहीनं त्यांनी मिशी पुसली. "रोज करा, बाई."